गोव्यात कमी खर्चातली कार्बन ग्रॅव्हल सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात ग्रॅव्हल आहेच कुठे?

ग्रॅव्हल म्हणजे खडीचा-मातीचा कच्चा रस्ता, आणि ग्रॅव्हल सायकल म्हणजे त्यावर चालणारी रुंद टायरची सायकल. इथं ती सुटे भाग मागवून घरी जोडायची आहे. बारीक खडीचे लांबलचक सरळ रस्ते इथं नाहीत, हे खरं. पण तांबड्या मातीला तोटा नाही. दिवाडी, चोडण भागात खाजन शेतीचे (खाडीलगतच्या शेतांचे) बांध आहेत: वर घट्ट माती, कडेला खारं पाणी, मध्येच मानशीवरचा (पाणी अडवायच्या दारावरचा) सिमेंटचा तुकडा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागात खाणपट्ट्यातले जुने कच्चे रस्ते आहेत. खाली टणक थर आणि त्यावर पिठासारखी लाल धूळ. सड्यांवर उघडा जांभा आहे, त्याच्या कडा धारदार असतात आणि टायरची बगल चिरतात. चौथा प्रकार काजूच्या बागांमधल्या वाटांचा. तिथं पाचोळ्याखाली मूळ आहे की दगड, ते कळत नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये पडलेल्या बोंडांवरून चाक सटकतं.

याखेरीज उखडलेलं डांबर आहेच. खरं तर अर्धाअधिक प्रवास त्यावरच होतो, आणि ४० मिमीचा टायर सगळ्यात जास्त उपयोगी तिथंच पडतो.

कार्बनच कशाला? त्या पैशांत अॅल्युमिनियमची तयार सायकल येत नाही का?

येते, आणि बऱ्याच जणांनी तीच घ्यावी. कमी किमतीची कार्बन फ्रेम साधारण ११०० ते १३०० ग्रॅमची असते, तर बऱ्यापैकी अॅल्युमिनियम फ्रेम त्याहून अर्धा-पाऊण किलो जड. तेवढं वजन दोन पाण्याच्या बाटल्यांमध्ये जमा-वजा होतं. हादरे कमी होण्याचं श्रेयही कार्बनला फुकट मिळतं. खरं काम टायर करतो.

कार्बनचा इथला खरा फायदा एकच: खाऱ्या हवेत तो गंजत नाही. पण त्याला लागलेला प्रत्येक धातू गंजतो, आणि कार्बनला टेकलेलं अॅल्युमिनियम तर एरवीपेक्षा लवकर. कार्बन विद्युतवाहक आहे. त्याच्याशी अॅल्युमिनियमचा संपर्क आला आणि मध्ये खारट ओल शिरली की अॅल्युमिनियम झिजायला लागतं. त्यामुळे गोव्यातल्या कार्बन सायकलीचं आयुष्य फ्रेमपेक्षा तिच्या सांध्यांवर ठरतं. भाग कुठले घ्यायचे आणि पैसे कुठे वाचवायचे, हे पुढे त्याच हिशेबानं सांगितलं आहे.

एकूण किती खर्च धरावा?

सव्वा ते दीड लाख. त्याहून कमीत होतं म्हणणारे लोक आधीची चाकं किंवा जुना ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) हिशेबात धरत नाहीत. ढोबळ वाटणी अशी:

फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), सीटपोस्ट (सीटखालची दांडी) मिळून हातात पडेपर्यंत ५० ते ६० हजार. ग्रुपसेट ब्रेकसकट ३० ते ४० हजार. चाकं १५ ते २० हजार. टायर ६ ते ८ हजार. हँडल, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा), सीट १० ते १२ हजार. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो ते बेअरिंग), डिस्क, केबल, टेप, सीलंट (टायरची छिद्रं आतून बुजवणारा द्रव), बोल्ट असली किरकोळ वाटणारी खरेदी आणखी ६ ते ८ हजार.

हत्यारं यात नाहीत. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना), कॅसेटचं (मागच्या दात्याचक्रांच्या संचाचं) हत्यार, बॉटम ब्रॅकेटचा पाना आणि चेन तोडायचं यंत्र एवढं तरी लागतंच.

फ्रेम चीनमधून मागवली तर सीमाशुल्कात किती जातं?

संकेतस्थळावरच्या किमतीवर वाहतूक, सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च चढतो. दर बदलत राहतात, म्हणून किमतीच्या ४० टक्के रक्कम वेगळी काढून ठेवा. उरली तर टायरला कामी येईल. विक्रेता ‘भेट’ किंवा कमी किंमत लिहून पाठवायला तयार असतो, पण ते करू नका. पार्सल अडकलं तर दंड तुम्हालाच, आणि फ्रेम वाटेत मोडली तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच.

स्वस्त कार्बन फ्रेम घेताना नेमकं काय बघायचं?

रंग शेवटी. आधी या गोष्टी:

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा हवा, म्हणजे बीएसए किंवा टी४७. प्रेस-फिट, म्हणजे नुसता दाबून बसवायचा, नको. स्वस्त फ्रेममध्ये भोकाचं माप थोडं जरी इकडेतिकडे असलं तरी दाबून बसवलेलं बेअरिंग कुरकुरतं, आणि पावसाळ्यात पाणी आत घेतं.

केबल फ्रेमच्या खालच्या नळीत शिरणाऱ्या हव्यात, हेडसेटमधून (हँडलखाली फोर्क फिरतो त्या बेअरिंगमधून) जाणाऱ्या नकोत. हँडलमधून थेट आत गडप होणारी केबल फोटोत सुंदर दिसते. पण वरचं हेडसेट बेअरिंग बदलायचं तर ब्रेकची नळी सोडावी लागते, पुन्हा तेल भरून हवा काढावी लागते. इथल्या दोन पावसाळ्यांत हेडसेट बेअरिंग गंजणं अगदी शक्य आहे. दोन बोटांएवढं काम त्यासाठी अर्ध्या दिवसाचं होतं. एवढ्या एका कारणावरून फ्रेम नाकारली तरी चालेल.

अॅक्सल (चाकाचा आस) पुढे १२ × १०० मिमी, मागे १२ × १४२. ब्रेक फ्लॅट माउंट, म्हणजे फ्रेमला थेट सपाट बसणारे. टायरला जागा किमान ४५ मिमीची. जाहिरातीत ४५ लिहिलं असेल तर चिखलाच्या दिवसांत ४० चालेल असं समजा. सीटपोस्ट गोल, २७.२ मिमी. तो कुठल्याही दुकानात मिळतो, वेगळ्या आकाराचा मिळत नाही. डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्याला टांगतो तो हँगर यूडीएच, म्हणजे अनेक फ्रेमना चालणाऱ्या एकाच मापाचा, असेल तर उत्तम. नसेल तर फ्रेमबरोबरच दोन जादा हँगर मागवून घ्या. नंतर तो नेमका हँगर शोधण्यात महिना जातो.

आयएसओ ४२१० चाचणीचा अहवाल मागा, तोही त्याच मॉडेलचा. सायकलच्या सुरक्षिततेचं ते मानक आहे. यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची) पट्टी ही त्याला पर्याय नाही. ती स्पर्धेच्या नियमांसाठी असते.

खोका उघडल्यावर काय तपासू?

टाकाऊ वाटलं तरी खोक्याचा आणि फ्रेमच्या चारही बाजूंचा व्हिडिओ आधी काढा. मग मोबाइलचा टॉर्च लावून नळ्यांच्या आत बघा: फ्रेम घडवताना वापरलेला आणि आत राहून गेलेला फुगा, लोंबणारं कापड, सुरकुत्या दिसतात का. बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत कप हातानं तीन-चार फेरे सहज जायला हवा. दोरा मागच्या एका टोकापासून हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन मिमीहून जास्त फरक असेल तर तिथेच थांबा, जोडणी सुरू करू नका. ब्रेक बसतो त्या जागेवर रंगाचा जाड थर असेल तर तो सपाट करून घ्यावा लागतो, नाहीतर कॅलिपर (पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) तिरका बसतो आणि डिस्क कायम घासते.

माप कसं ठरवायचं?

‘एम’, ‘एल’ या अक्षरांवर जाऊ नका. स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उंची आणि आडवं अंतर) हे दोन आकडे तुमच्या आत्ताच्या सायकलीशी ताडून बघा. दोन मापांच्या मधोमध असाल तर लहान फ्रेम घ्या. स्टेम लांब करता येतो, फ्रेम आखूड करता येत नाही.

सीटची उंची: अनवाणी, पुस्तक जांघेत घट्ट धरून जमिनीपासून माप घ्या आणि त्याला ०.८८३ नं गुणा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची ती सुरुवातीची उंची. ७८ सेंमी आलं तर साधारण ६८.९ सेंमी. पुढचे बदल पाच-पाच मिमीनं करा.

ग्रुपसेट कोणता घ्यावा?

केबलचा, मागे १० किंवा ११ गिअरचा. इलेक्ट्रॉनिकसाठी या बजेटमध्ये टायर आणि चाकांचे पैसे खर्च होतात.

मायक्रोशिफ्टचा स्वोर्ड, शिमानोचा जीआरएक्स ४०० किंवा ६०० यांपैकी जो चांगल्या भावात मिळेल तो. एल-टू, सेन्सा यांचे संचही चालतात, पण सुटा शिफ्टर किंवा डिरेल्युअर मोडला तर इथे मिळायला वेळ लागतो. शिफ्टर आणि मागचा डिरेल्युअर एकाच संचातले ठेवा. दोन कंपन्यांची केबल ओढण्याची मापं वेगळी असतात; एका कंपनीच्या दोन पिढ्यांचीसुद्धा जुळतील असं नाही.

पुढे एक दात्याचक्र की दोन? सपाट बार्देश-तिसवाडीत एकच पुरतं: ४० दात्यांचं पुढे, ११-४२ मागे. चोर्ला घाट चढणार असाल तर हिशेब करून बघा. ७०० × ४० टायरचा घेर सुमारे २.२ मीटर. मिनिटाला ७० पेडल मारले तर ४०/४२ या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये वेग ताशी ८.८ किमी. पुढे दोन चक्रं असतील तर ३०/३४ मध्ये ८.२. स्वोर्डच्या ४६ आणि २९ दात्यांच्या दोन चक्रांच्या क्रँकला (पेडलच्या दांड्यांच्या संचाला) ११-३८ कॅसेट लावली तर २९/३८ मध्ये ७ च्या आसपास. सामान लादून घाट चढताना ताशी सातच्या वेगानं पाय फिरत राहणं ही चैन नव्हे, गुडघ्यांची गरज आहे.

ब्रेक केबलचे की हायड्रॉलिक?

परवडत असतील तर मिनरल तेलाचे हायड्रॉलिक (नळीतल्या तेलाच्या दाबानं चालणारे). काही ब्रेकमध्ये तेलाऐवजी डॉट द्रव असतो; तो हवेतली आर्द्रता शोषतो आणि गोव्यात आर्द्रतेची कमतरता नाही. तो दरवर्षी बदलायची तयारी असेल तरच घ्या. ही दोन तेलं एकमेकांच्या जागी कधीच भरू नका, रबरी सील फुगून ब्रेक कामातून जातो.

केबलचे घ्यायचे तर दोन्ही पिस्टन हलणारे घ्या, उदाहरणार्थ टीआरपी स्पायर. एकच पिस्टन हलणारे स्वस्त कॅलिपर दर आठवड्याला जुळवत बसावं लागतं. सोबत न दबणारं आउटर केबल वापरा. साधं आउटर आत दबतं आणि ब्रेक गच्च वाटत नाही. लोक त्यासाठी कॅलिपरला दोष देत राहतात.

पॅड पावसाळ्यात धातूमिश्रित, एरवी रेझिनचे. मात्र डिस्कवर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं असेल तर धातूमिश्रित पॅड लावू नका. दोन्ही डिस्क १६० मिमी.

चाकंही कार्बनची घेऊ का?

नको. अॅल्युमिनियम रिम, हुक असलेली (टायर धरायला कडा आत वळलेली), आतून २१ ते २५ मिमी रुंद, आणि साधे वाकड्या डोक्याचे आरे. आरा तुटला तर पणजी-मडगावात त्या लांबीचा आरा मिळू शकतो; सरळ डोक्याचा, चपटा आरा टपालानंच येतो. हुक नसलेल्या रिमवर टायरचा दाब ७२.५ पीएसआयच्या पुढे नेता येत नाही आणि त्यावर प्रत्येक टायर चालतही नाही.

हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) सीलबंद बेअरिंग हवं, आणि त्याचा क्रमांक वाचून वहीत लिहून ठेवा. ते क्रमांक औद्योगिक असतात, म्हणून बेअरिंगच्या साध्या दुकानातही मिळतात.

टायर कोणता आणि हवा किती?

७०० × ४०, मधोमध बऱ्यापैकी गुळगुळीत, कडेला गाठी. खोल गाठींचे टायर दुकानात दणकट दिसतात, पण डांबरावर घरघरतात, आणि इथल्या चिकट लाल चिखलात गाठींमधली जागा शंभर मीटरमध्ये भरून जाते. बगलेला जादा संरक्षण असलेला प्रकार घ्या. ५०-६० ग्रॅम वाढतील, पण जांभ्याला तेच उत्तर आहे.

७० किलोच्या स्वारासाठी ट्यूबलेसमध्ये पुढे २८ ते ३०, मागे ३२ ते ३५ पीएसआयनं सुरुवात करा. ट्यूब असेल तर पाच-सहा जास्त. वजन दहा किलोनं वाढलं की साधारण तीन पीएसआय वाढवा. रिम दगडाला आपटल्याचा ‘टक्’ असा आवाज आला तर हवा कमी आहे. वळणावर टायर लोळतोय असं वाटलं तरी कमीच.

ट्यूबलेस घरी बसवता येतो का?

येतो. रिम स्पिरिटनं पुसा. आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी रुंद टेप ताणून लावा आणि व्हॉल्व्हपाशी दहा सेंमी वर चढवा. टेपला भोक टाचणी गरम करून पाडा. ब्लेडची चीर पुढे फाटत जाते. टायर चढवा, कडांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा गाभा काढून जोरात हवा मारा. दोन ‘फट्ट’ ऐकू आले की कडा बसल्या. साध्या पंपानं बसत नसेल तर पेट्रोल पंपावरची हवा अॅडाप्टर लावून वापरा, पण दाबावर लक्ष ठेवा. मग ६० ते ८० मिली सीलंट, चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवायचं आणि लगेच थोडी चक्कर मारायची.

सीलंट उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत सुकतं. डबीवर सहा महिने लिहिलेलं असलं तरी ते थंड देशांतलं समजा.

जोडणीचा क्रम काय ठेवावा?

क्रम चुकला की केलेलं काम उकलावं लागतं. फ्रेममधले केबल आणि नळ्या सगळ्यात आधी. बॉटम ब्रॅकेट बसवल्यावर त्याच्या वरून नळी नेणं स्वस्त फ्रेममध्ये फार त्रासाचं होतं. नळीवर स्पंजची बाही चढवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात फ्रेमच्या आत खडखड ऐकू येते, आणि ती नंतर थांबवता येत नाही.

त्यानंतर बॉटम ब्रॅकेट, आट्यांना भरपूर ग्रीस लावून. उजवा कप उलट आट्यांचा असतो (बीएसए आणि टी४७ दोन्हींत), हे विसरून जोर लावला तर फ्रेम गेली. मग हेडसेट: बेअरिंगच्या वर-खाली ग्रीसची जाड कड ठेवा. ती पाणी अडवते, पुसून काढू नका. फोर्क, स्टेम, हँडल. चाकं डिस्क-कॅसेट-टायरसकट तयार करून लावा. कॅलिपर. मग क्रँक, डिरेल्युअर, चेन.

मागच्या फ्लॅट माउंट कॅलिपरच्या बोल्टची लांबी फ्रेमच्या त्या जागेच्या जाडीवर ठरते. शिमानोत जाडी अधिक १३ मिमी: २० मिमीला ३३चा बोल्ट, २५ला ३८चा. खोक्यातला बोल्ट लांब निघाला तर कॅलिपरला आतून लागतो, आखूड असला तर दोनच आटे धरतो. जाडी आधी व्हर्निअर कॅलिपरनं मोजा. इथेच बहुतेकांचं काम आठवडाभर अडकतं.

हँडलची टेप शेवटी, आणि तीही वीस-तीस किलोमीटर चालवून लीव्हरची जागा पक्की झाल्यावर.

कुठला बोल्ट किती आवळायचा?

भागावर छापलेला आकडा खरा. छापलेला नसेल तर न्यूटन मीटरमध्ये साधारण असे: स्टेमचे बोल्ट ५, सीटपोस्टची पकड ४ ते ५, बाटलीच्या पिंजऱ्याचे २ ते ३, फ्लॅट माउंट कॅलिपर ६ ते ८, मागचा डिरेल्युअर ८ ते १०, त्याची केबल ६ ते ७. शिमानोच्या पोकळ क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४, टोपी मात्र हातानं, १ च्या आसपास. कॅसेटची रिंग आणि सेंटरलॉक डिस्क ४०. बॉटम ब्रॅकेटचे कप ३५ ते ५०.

स्टेमचे चार बोल्ट आडव्या क्रमानं, थोडे थोडे आवळा. बाटलीचे बोल्ट सगळ्यात कमी जोराचे, आणि सगळ्यात जास्त बिघडणारेही तेच: फ्रेममधली अॅल्युमिनियमची नट फिरायला लागली की ती ड्रिल करूनच काढावी लागते.

फोर्कची वरची नळी जास्त लांब येते, ती कापायला भीती वाटते. दुकानात द्यावी का?

ज्यानं आधी कार्बन कापला आहे त्यालाच द्या, नाहीतर घरी करा. सगळे स्पेसर (नळीवर चढवायच्या कड्या) आणि स्टेम लावून खूण करा. स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर राहू द्या आणि नळी त्या स्पेसरच्या माथ्यापेक्षा ३ मिमी खाली कापा. पहिल्यांदा २० मिमी जास्तच ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा कापता येते.

इंचाला ३२ दाते असलेलं हॅकसॉचं पातं, खुणेभोवती टेप, आणि जुनी स्टेम पात्याला आधार म्हणून. पाणी शिंपडत कापा, मास्क लावा. ती धूळ फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी नसते. अर्धी कापून झाली की नळी फिरवा, म्हणजे शेवटचे धागे ओढून फाटत नाहीत. कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा आणि पातळ सुपरग्लूनं बंद करा.

आत ठोकायचं, चांदणीच्या आकाराचं स्टार नट कार्बनमध्ये चालत नाही; फुगणारा प्लग लागतो, आणि तो नेमका स्टेमच्या पकडीमागे यायला हवा.

सीटपोस्ट खाली सरकतो. आणखी आवळू?

नाही. सगळं पुसून कार्बन पेस्ट लावा. तिच्यात बारीक कण असतात, त्यामुळे कमी जोरात पकड बसते. ग्रीस लावलं असेल तर स्पिरिटनं दोनदा पुसा. तरीही सरकत असेल तर सीटपोस्टचा व्यास मोजा: २७.२ ऐवजी २७.० निघाला, असंही होतं.

कर्र-कर्र आवाज येतोय. बॉटम ब्रॅकेट गेलं का?

बहुधा नाही. उभं राहून पेडल मारताना आवाज गेला तर तो सीटपोस्टचा किंवा सीटच्या रुळांचा. बसून-उठून सारखाच असेल तर आधी मागचा अॅक्सल काढून पुसा, ग्रीस लावा. डिरेल्युअर हँगरचा बोल्ट बघा. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा. सगळं करून राहिला तरच क्रँककडे वळा.

पावसाळ्यात चालवावी का?

चालवा, पण दर वेळी अर्धा तास सायकलीला द्यायची तयारी हवी. जून ते सप्टेंबर रस्त्याच्या सावलीतल्या कडेला हिरवं शेवाळ येतं. ते ओल्या लाल चिखलापेक्षा घसरडं असतं, आणि त्यावर ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही, सरळ निघून जायचं. सुपारीच्या कुळागरातल्या सिमेंटच्या वाटांवरही तसंच.

घरी आल्यावर साध्या पाइपनं गोड्या पाण्यानं धुवा. गाडी धुण्याचा दाबाचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढतो. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा. बॉटम ब्रॅकेटपाशी साचलेलं पाणी निघू द्या. फ्रेमला पाणी जायला भोक नसेल तर स्वतः पाडू नका. चेन कोरडी करून ओल्या हवामानाचं तेल, प्रत्येक कडीला एक थेंब, मग पुसून टाका.

महिन्यातून एकदा: दोन्ही अॅक्सल, सीटपोस्ट, पेडल आणि स्टेमचे बोल्ट काढून, पुसून, परत लावा. अॅल्युमिनियमच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप). पॅडचा थर १ मिमीच्या खाली गेला की बदला. लाल चिखलात रेझिनचा पॅड एका लांब फेरीतही संपू शकतो. ऑगस्टमध्ये हँडलच्या टेपला बुरशी दिसली तर टेप काढून खाली बघा, अॅल्युमिनियमच्या हँडलवर पांढरी पूड जमलेली असू शकते. खड्डे पडलेले दिसले तर हँडल बदला.

समुद्रकिनाऱ्यावर चालवता येईल?

ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर मजा येते आणि त्याची किंमत हबचं बेअरिंग देतं. जायचंच तर पाण्यात चाक घालू नका आणि त्याच दिवशी धुवा. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. त्या हंगामात तिथे वाळूवर सायकल नको.

सुरुवातीला कुठल्या वाटा?

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं दिवाडी, बेटावरचे बांध, मग नार्वेच्या फेरीनं डिचोलीकडे. चढ नाही, वाहनं कमी, टायरची हवा जुळवायला उत्तम. बांधावर समोरून मासे मारणारे, गुरं येतात. उतरून बाजूला व्हायचं. मानशीच्या लाकडी फळ्यांवर पाय टेकूनच.

थोडा दम आला की रिवण, नेत्रावळी भाग. उसगाळीमळची कातळशिल्पं कुशावती नदीकाठी आहेत, वाटेत लाल मातीही भरपूर. मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरलं की कुर्डीची बुडालेली जमीन उघडी पडते. तिथली भेगाळलेली माती चालवायला छान, पण सावली नाही. तीन लिटर पाणी घ्या आणि सकाळी नऊच्या आत परत फिरा.

चढासाठी केरी, आंजुणे धरण, चोर्ला घाट. चोर्ला सुमारे ८०० मीटरवर आहे. पूर्ण डांबर आहे, ग्रॅव्हल शोधायला जाऊ नका. उतरताना ब्रेक धरून ठेवू नका: जोरात लावा, सोडा, पुन्हा लावा. डिस्क गार व्हायला तेवढाच वेळ मिळतो.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, आणि दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून जायला तर मनाई आहे. खाणीच्या फाटकाच्या आत जाऊ नये हे सांगायला नको. बाहेरच्या रस्त्यावरही टिप्पर चालू असतील तर दुसरी वाट धरा. त्या धुळीत मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

गावातल्या सायकलवाल्याकडे काम द्यावं का?

चाक सरळ करणं, आरा बदलणं, पेडलचे आटे ही कामं तो अनेकदा शहरातल्या चकचकीत दुकानापेक्षा चांगली करतो. पोदेरांच्या पावांनी लादलेल्या सायकली चालू ठेवणारा हात आहे तो. पण दोन गोष्टी बजावून सांगा: स्टँडची पकड फ्रेमच्या नळीवर नको, सीटपोस्टवर, आणि स्टेम, सीटपोस्ट, लीव्हरचे बोल्ट तुम्हीच आवळणार.

सोबत काय ठेवावं?

एक ट्यूब, दोन टायर लीव्हर, ट्यूबलेसच्या दोऱ्या (छिद्रात खुपसायच्या), छोटा पंप, चेन तोडायचं हत्यार, क्विक लिंक (चेनची जोडकडी), जादा हँगर, मल्टिटूल. चिरलेल्या बगलेला आतून लावायला जुन्या टायरचा पाच सेंमीचा तुकडा. दुधाची रिकामी पिशवीही तात्पुरती चालते.

पडलो, आणि फ्रेमवर रेघ दिसते. तडा आहे की ओरखडा?

पुसून, उजेडात तिरकी धरून बघा. नखाला न लागणारी रेघ बहुधा रंगातली. नाण्यानं हलकेच टिचकी मारत जा: चांगल्या कार्बनचा आवाज खणखणीत येतो, आतले थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. अंगठ्यानं दाबल्यावर जागा दबली किंवा कुरकुरली तर चालवू नका. रेघेच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा. पंधरा दिवसांत ती खुणेपुढे गेली तर तडाच.

फ्रेमची नळी जाणकाराकडून दुरुस्त होते: खराब भाग घासून, नवे थर चढवून. बॉटम ब्रॅकेटजवळचा किंवा मागच्या अॅक्सलजवळचा तडा मात्र बहुतेक वेळा खर्चाला परवडत नाही. समोरून धडकला असाल तर काही दिसत नसलं तरी फोर्क बाहेर काढा, आणि खालच्या बेअरिंगच्या बैठकीपाशी व स्टेमची पकड होती तिथे बघा. फोर्क दुरुस्त करू नका, बदला. जुना टाकण्याआधी ओलं फडकं गुंडाळून त्याची नळी मधोमध कापा, म्हणजे भंगारातून उचलून कुणी तो दुसऱ्या सायकलीला लावणार नाही.